ज्याला बोट लागेल

तांगी केरव्हेलाने नियम केला तो घरच्या स्वयंपाकघरात, सायडरचा तिसरा पेला रिचवल्यावर. साक्षीला फांश होता.

"बिस्केच्या उपसागरात ज्याला बोट लागेल," टेबलावर मूठ आपटून तांगी म्हणाला, "तो पलीकडे स्पेनात कामारिन्यासला उतरेल आणि मुकाट्याने बसने घरी येईल. पुढचा महासागर त्याच्या नशिबात नाही. नियम सगळ्यांना सारखा!"

'सगळ्यांना' म्हणताना त्याची नजर मात्र एकटीवरच होती. रोझेन चुलीकडे तोंड करून कांदा परतत होती, तरी ती नजर तिला मानेवर कळली. इतकी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याची नजर ओळखायला मागे वळावं लागत नाही.

भांडणाचं मूळ साधं होतं. तांगीने सगळा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या द्वारनने बंदरातून निघणाऱ्या मोठ्या मासेमारी जहाजांवर तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून काढला. पंधरवडाभर समुद्रावर, चार दिवस घरी, पुन्हा समुद्र. रोझेन शाळेच्या मुदपाकखान्यात दोनशे पोरांचं जेवण रांधायची आणि दर खेपेला नवऱ्याला निरोप द्यायला धक्क्यावर जाऊन उभी राहायची. तो नुसतं "येतो" म्हणायचा आणि जायचा. आता तांगी निवृत्त झाला होता. त्याने आणि फांशने, म्हणजे त्याच्या जन्मभराच्या साथीदार खलाशाने, मिळून एक जुनी लाकडी शिडाची होडी घेतली, दोन हिवाळे तिला खरवडून रंगवली आणि नाव ठेवलं 'लाऊएन', म्हणजे आनंदी. बेत असा, की आधी बिस्के ओलांडून स्पेन गाठायचं, मग कॅनरी बेटं, आणि तिथून थेट अटलांटिकपार.

बेत ऐकून रोझेन एवढंच म्हणाली होती, "मलाही घेऊन चल."

तांगी आधी हसला. ती हसत नाही हे पाहिल्यावर त्याने नियम काढला.

"तू डोंगराकडची," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमच्याकडे पाणी फक्त विहिरीत. एका लाटेत आतडी तोंडात येतील तुझ्या."

"येतील तेव्हा बघू," रोझेन म्हणाली. "नियम ठरला ना? मग फांशभावजी, तुम्ही साक्षी."

फांशने छातीवर हात ठेवला. "साक्षी आहे, वहिनी. पण मला विचाराल तर, तांडेल, नियम करताना आपलंच शेपूट दारात अडकत नाही ना, बघून घ्यावं."

तांगीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रोझेनने मात्र त्या रात्री मनाशी ठरवून टाकलं. वाट्टेल ते होवो, पोटातलं पोटात ठेवायचं. तरुणपण धक्क्यावर गेलं ते गेलं. म्हातारपण काही ती तिथे घालवणार नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी तिची धाकटी बहीण मारिवोन माहेरच्या आरे डोंगरातून गाडी घेऊन आली आणि खोकंभर काचेच्या बरण्या उतरवून गेली. "वाटेत खायला. आपल्या आवारातलंच आहे सगळं," ती म्हणाली. बहिणीच्या आवारात कोंबड्या उदंड. रोझेनने बरण्या जुन्या मोज्यांत गुंडाळून केबिनच्या फळीखाली रचल्या आणि विसरून गेली.

ब्रिटनीच्या कोळ्यांची एक रीत आहे. बोटीवर एका प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. तो दोर कुरतडतो, लाकूड पोखरतो, आणि त्याच्यापायी पूर्वी म्हणे अख्खी जहाजं बुडाली. म्हणून त्याला 'लांबकान्या' म्हणायचं, नाहीतर नुसतं कानांपाशी दोन बोटं हलवून दाखवायचं. आपण जमिनीवर आहोत, तेव्हा नाव घ्यायला हरकत नाही: ससा. तांगीने उभ्या जन्मात हा शब्द तोंडातून काढला नव्हता. एकदा कोणा पाहुण्याने धक्क्यावर उभं राहून तो उच्चारला, तर तांगीने त्या दिवशी जहाजच सोडलं नाही. लग्न होऊन आलेल्या रोझेनला सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाई, या घरात लांबकान्या शिजत नाही." डोंगरातल्या बाईला ते जड गेलं, कारण माहेरी दर रविवारी तेच शिजायचं. पण तेव्हापासून तिने त्याला हात लावला नव्हता.

सप्टेंबरातल्या एका लख्ख सकाळी 'लाऊएन'ने बंदर सोडलं. पहिला दिवस नव्या सुनेच्या पहिल्या दिवसासारखा गेला. सगळे गोड वागले, समुद्रसुद्धा. बाजूने डॉल्फिन उड्या मारत पळत होते. रोझेनने लोण्यात थबथबलेला क्विन्यामान केक कापून वाटला, तांगीने शिडं कशी बांधायची ते तिला तीन तीनदा समजावलं, आणि दर अर्ध्या तासाने विचारलं, "काही होतंय का?"

"भूक लागतेय," ती दर वेळी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वायुभारमापकाचा काटा घसरायला लागला. रेडिओवरचा माणूस वादळ परवा येईल म्हणाला होता, पण वादळाने बहुधा रेडिओ ऐकला नव्हता. पश्चिमेला आभाळ शिसवी झालं. लाटा लांब, उंच यायला लागल्या. पुढे समुद्राचा तळ एकाएकी खोल दरीत कोसळतो आणि तिथे पाणी उसळतं, हे तांगीने रोझेनला मोठ्या थाटात सांगितलं, आणि सांगता सांगताच तो मध्येच थांबला.

"काय झालं?" रोझेनने विचारलं.

"कुठे काय? वारा बघतोय." तो कठड्यावर ओणवा झाला.

"तांडेल," सुकाणूवरून फांश म्हणाला, "वारा या बाजूने आहे. तू बघतोयस तिकडे नुसतं पाणी आहे."

रोझेनला शंका आली. वादळाआधी सगळ्यांच्या पोटात गरम काहीतरी पडलेलं बरं, म्हणून ती केबिनमध्ये उतरली. फळीखालून एक बरणी काढली, झाकण उघडलं आणि पातेल्यात ओतली. सायडर, कांदा, सुके आलुबुखारे आणि रानातल्या थाइमचा वास केबिनभर दरवळला. तिला एकदम माहेरचा रविवार आठवला. आणि मग तिचं लक्ष पातेल्यातल्या तुकड्यांकडे गेलं.

डावाने तिने एक तुकडा वर उचलला. मागची तंगडी. लांब, सडसडीत हाड. दोनशे पोरांना जेवू घातलेल्या बाईला कोंबडीची तंगडी कळत नाही असं होणार नाही. ही कोंबडी नव्हती. आपल्या आवारातलंच म्हणे! मारिवोनच्या आवारात कोंबड्यांच्या मागे पिंजरे होते, आणि पिंजऱ्यांत कोण होतं ते रोझेनला पक्कं ठाऊक होतं. खोकंभर होते. एकदोन नाही.

नेमकी तेव्हाच पहिली वावटळ आदळली. होडी बाजूवर कलली, भिंतीवरची कढई उडून गादीवर पडली, वरून तांगी ओरडला, "शीड आखडा! शीड!"

रोझेनने झाकण दाबून धरलं. हे कळलं तर तांगी आपल्याला कामारिन्यासलाही नेणार नाही, इथेच पाण्यात सोडेल, असं तिला वाटलं. बरण्या समुद्रात टाकाव्यात तर अन्न टाकायची तिची जात नव्हती. आणि टाकताना कोणी 'काय टाकतेस?' म्हणून विचारलं, तर काय सांगणार?

डेककडच्या झडपेतून फांशचं भिजलेलं तोंड आत आलं. "वहिनी, वास काय सुटलाय! जेवायला काय?"

"कोंबडी," रोझेन म्हणाली.

फांशने नाक वर करून हुंगलं. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "चांगली पळणारी होती वाटतं," तो म्हणाला आणि वर गेला.

तिने अंगावर मेणकापडाचा कोट चढवला आणि त्याच्या मागोमाग वर आली. वरचं दृश्य पाहून आपण खाली कशाला घाबरत होतो तेच ती विसरली. समुद्र डोंगर झाला होता. आरेच्या माळावरचे हिरवे काळे उतार जणू उठून चालायला लागले होते. होडी एका उतारावर चढायची, माथ्यावर थरथरायची आणि सूं करून खाली जायची. वारा कानाशी किंचाळत होता. फांश आणि तिने मिळून मोठं शीड आखडलं, पुढचं उतरवून तिथे छोटं वादळी शीड चढवलं. आणि तांगी? चाळीस वर्षं पोलादी जहाजांच्या पोटात इंजिनाच्या धडधडीवर डोलणारा तांगी केरव्हेला, डेकवर बसून राहिला होता, आणि त्याचा रंग काकडीचा झाला होता.

"शिडाची होडी वेगळी हलते," तो कसाबसा म्हणाला. "हिला चालायची रीत नाही..."

पुढचं वाक्य कठड्याबाहेर गेलं. रोझेनने त्याचा कोट मागून घट्ट धरून ठेवला होता.

फांशने टोपी काढली, जणू कोणी गेलं होतं. "देवा," तो म्हणाला, "तांडेलाला बोट लागली."

"नाही लागली!" तांगी गुरगुरला, आणि पुन्हा कठड्यावर वाकला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. रोझेनने त्याला केबिनमध्ये नेलं, जमिनीवर उशा लावून आडवं केलं, आणि हातात बादली दिली. त्याने डोळे मिटून घेतले. तिला त्याची दयाही आली आणि हसूही आलं. हसू जास्त आलं, ते तिने कॉलरमध्ये दाबलं.

मग ती वर गेली आणि फांशच्या शेजारी सुकाणूच्या दांड्याला भिडली. पाय फाकवून, गुडघे सैल सोडून उभी राहिली. ओल्या फरशीवर उकळत्या सुपाचं पातेलं घेऊन पोरांच्या घोळक्यातून चालायचं तर असंच चालावं लागतं. पाय तेव्हाच शिकले होते. फांशने दोन लाटा शिकवल्या. तिसरी तिने स्वतः घेतली, होडीचं नाक जरासं वर, माथा ओलांडला की हलकेच खाली. अंधार पडल्यावरही दोघांनी आळीपाळीने दांडा धरला. मध्येच पातेलं छातीशी गच्च धरून दोघांनी त्यातलंच गरम गरम खाल्लं. खाताना फांश तिच्याकडे बघत नव्हता आणि ती फांशकडे बघत नव्हती.

एकदा एक लाट अशी आली की सगळी होडी पांढरी झाली. पाणी गेल्यावर रोझेनच्या लक्षात आलं की आपण मोठमोठ्याने हसतोय. आणि हसता हसता तिला राग आला. केवढा राग! दर खेपेला हा माणूस घरी आला की ती विचारायची, "कसं असतं रे तिकडे?" आणि तो पाव तोडत म्हणायचा, "कसं असणार? पाणी असतं." हे पाणी होय? हे एवढं सगळं याने एकट्याने पाहिलं, आणि तिला दोन शब्दही सांगितले नाहीत!

"वाऱ्यावर घे! वाऱ्यावर!" खालून क्षीण आवाज आला.

"तू बादली सांभाळ!" ती ओरडली, आणि फांश इतका हसला की त्याची कवळी निसटता निसटता वाचली.

उजाडताना वारा उतरला. लाटा अजून मोठ्या होत्या, पण त्यांचा राग गेला होता. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं आणि सगळं काही वाफाळायला लागलं: डेक, कोट, फांशची टोपी. खाली तांगी उठून बसला. तोंड पिठासारखं, पण डोळ्यांत जीव आला होता.

"काही खायला आहे का?" त्याने विचारलं.

रोझेनने आजूबाजूला शोधलं. केबिनमध्ये सुका पाव भिजून लगदा झाला होता. होतं ते पातेल्यातलंच. तिने ते गरम केलं, वाटीत वाढलं आणि त्याच्यापुढे धरलं. पहिला घास घेताना तांगी थांबला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तांगीने सावकाश चावलं, गिळलं, दुसरा घास घेतला. मग वाटी पुसून काढली आणि पुढे केली. "अजून आहे?"

"कोंबडी आवडली?" फांशने अगदी निरागसपणे विचारलं.

"फर्मास कोंबडी," तांगी म्हणाला.

दुपारी दीपगृह दिसलं, मग स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्याचे दगडी डोंगर, आणि मग कामारिन्यासचं शांत, आरशासारखं बंदर. रोझेननेच होडी धक्क्याला लावली. जरा जोरात लावली, पण लावली. ती आनंदाने इतकी भरून गेली होती की समोर दिसेल त्याला मिठी मारावी असं तिला वाटत होतं. नियम तिच्या आठवणीतच नव्हता.

तांगीच्या होता. तो केबिनमधून वर आला तो पिशवी खांद्याला लावून.

"हे काय?" तिने विचारलं.

"नियम म्हणजे नियम." तो धक्क्यावर उतरला. "बस किती वाजता आहे ते विचारतो."

"तांगी, वेडेपणा करू नकोस."

"मी केरव्हेला आहे. शब्द दिलाय, साक्षी ठेवून दिलाय."

"वहिनी," फांश हळूच म्हणाला, "हा खरंच जाईल हं. मी ओळखतो. गाढव आहे, पण शब्दाचं गाढव आहे."

रोझेनला राहवलं नाही. "ऐक! चूक तुझी नव्हतीच. बोटीवर... मारिवोनच्या बरण्यांत..." तिने कानांपाशी दोन बोटं हलवली. "खोकंभर आहेत. मला माहीत नव्हतं. वादळ त्यानेच आलं असेल, तुला त्रासही त्यानेच झाला असेल. ती कोंबडी नव्हती."

तांगीने पिशवी खाली ठेवली. "पहिल्या घासाला कळलं मला. माझी आजी असंच करायची, आलुबुखारे घालून."

"आणि तरी खाल्लंस?"

"बोटीवर त्याचं नाव घ्यायचं नाही. खायला कोण नको म्हणतं?"

"मग घरी? घरी इतकी वर्षं?"

"तू कधी केलंच नाहीस! मला वाटलं, तुला आवडत नाही."

"तुझ्या आईने मला सांगितलं, या घरात ते शिजत नाही!"

"आईला आवडत नव्हतं. तिला दातच नव्हते!"

मग फांश म्हणाला, "मला तर झाकण उघडलं तेव्हाच कळलं होतं. पण नाव कोण घेणार?" आणि रोझेन हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखायला लागलं. एका न उच्चारलेल्या शब्दापायी इतके रविवार वाया गेले होते.

हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि धक्क्यावरच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा पिशवी उचलत होता. मग तिला सुचलं.

"फांशभावजी, पाणी भरायला पलीकडच्या धक्क्याला जायचंय ना? सोडा होडी."

होडी सुटली. रोझेन सुकाणूपाशी उभी राहिली, मागे वळली आणि म्हणाली, "येते हं."

तांगी काहीतरी बोलायला गेला, पण मधलं पाणी रुंद होत चाललं होतं. त्याने एक हात वर केला, मग खाली घेतला, मग खिशात घातला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. धक्क्यावर लेस विणत बसलेल्या बायकांपैकी एक म्हातारी, हातातली लाकडी रिळं न थांबवता, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. येईल ती, आमचे यायचे तशीच, असं काहीतरी. भाषा येत नसूनही ते तांगीला समजलं.

पलीकडे पाणी भरून, उगाचच बंदराला एक मोठा वळसा घालून 'लाऊएन' परत आली. तांगी होता तिथेच उभा होता. पिशवी पायाशी, डोळे लाल. होडी धक्क्याला लागली तरी तो जागचा हलला नाही.

"कसं गं उभी राहायचीस?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं?"

"तू दिसेनासा होईपर्यंत हात वर ठेवायचे," रोझेन म्हणाली. "मला वाटायचं, न जाणो, मागे वळून बघशील."

"बघायचो. दर खेपेला. जहाजावरची पोरं हसतील म्हणून केबिनच्या दाराआडून."

"मग कधी सांगितलं का नाहीस, मेल्या?"

तांगीने पिशवी बाजूला सारली. जमिनीवर दोन्ही पाय घट्ट रोवले, टोपी काढून हातात धरली, आणि इतक्या हळू आवाजात बोलला की तिला कठड्यावरून वाकून ऐकावं लागलं.

"रोझेन, मलाही घेऊन चल."

रोझेन सरळ उभी राहिली. ती फांशकडे वळली. "साक्षी, काय म्हणता?"

"नियम करणारा तांडेल होता," फांश म्हणाला. "आता सुकाणूवर तुम्ही आहात. तुम्ही म्हणाल तो नियम."

"बरं," ती धक्क्याकडे वळून म्हणाली. "ये. पण बादली तुझी तू धुवायची."

तांगीने पिशवी होडीत फेकली आणि मागोमाग स्वतः उडी मारली. तिने त्याला धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. धक्क्यावरच्या म्हातारीने मान हलवून लेसची पुढची गाठ मारली. होडीत फांश फळी उचलून आत डोकावत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "महासागरभर पुरतील एवढ्या कोंबड्या आहेत."